फवारणी करूनही मक्यात लष्करी अळी परत का येते?

फवारणी करून पंप धुऊन ठेवला, चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या पानांत, पुन्हा अळीच्या विष्ठेचा ओला भुसा दिसला. आमच्या कन्नड तालुक्यात मका करणाऱ्या कोणालाही विचारा, हा अनुभव त्याच्याकडे असतोच. माझ्याकडे तो सलग तीन हंगाम होता. एका खरिपात मी चार एकरांवर चार फवारण्या केल्या, शेवटची तर दोन औषधं एकत्र करून. औषधाचा खर्च बियाणं आणि खताच्या बेरजेला जाऊन भिडला. आमचे थोरले चुलते, अण्णा, बांधावरून विचारायचे, “अरे, औषध मारतोस का नुसतं पाणी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आहे. “अळी परत आली” असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यामागे चार निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. चारही वेळा तोच पंप उचलला तर पैसा जातो आणि अळी राहते. म्हणून औषधाचं नाव विचारण्याआधी, आपल्या शेतात या चारांपैकी काय चाललंय ते ओळखायचं कसं, ते सांगतो.

पहिली खात्री: अळी तीच आहे ना?

अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण असते. शेपटीकडून दुसऱ्या वळ्यावर चार काळे ठिपके चौकोनात बसलेले असतात. चौकोन दिसला की शंका ठेवू नका. पोंग्याचं मधलं पानच वाळून ओढल्यावर हातात आलं, तर तो बहुधा खोडकिडा. त्याची गोष्ट वेगळी, ती इथे नको.

चौथ्या दिवशीची तपासणी

फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी शेतात जाऊन निराश होऊ नका. इमामेक्टीन किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल यांसारख्या औषधांनी अळी लगेच उलटी पडत नाही. खाणं काही तासांत थांबतं, मरायला दोन ते चार दिवस लागतात. तोवर ती पोंग्यात सुस्त पडून असते. मी पहिल्या वर्षी तिसऱ्या फवारणीला जी घाई केली ती याच सुस्त अळ्या बघून. त्या मेलेल्यातच जमा होत्या, मला ते कळलं नाही.

तपासणी चौथ्या दिवशी सकाळी करा. शेतात पाच ठिकाणं धरा, बांधाकडेची दोन आणि आतली तीन. प्रत्येक ठिकाणी ओळीने वीस झाडं पाहा, म्हणजे एकूण शंभर झाडं होतात आणि टक्केवारीला आकडेमोड लागत नाही. पान नुसतं वरून बघू नका, पोंगा बोटांनी उकला. दोन गोष्टी वहीत लिहा: किती झाडांत जिवंत अळी आहे आणि ती केवढी आहे.

मापासाठी पट्टी नको, करंगळीचं नख पुरे. अंड्यातून निघालेली अळी दीड-दोन मिलिमीटरची असते. उबदार हवेत आठवडाभरात ती करंगळीच्या नखाएवढी, म्हणजे साधारण एक सेंटीमीटरची होते आणि पुढच्या पाच-सहा दिवसांत साडेतीन सेंटीमीटरपर्यंत जाते. म्हणून अळीची लांबी पाहिली की तिचा जन्म फवारणीच्या आधीचा का नंतरचा, ते समजतं. सगळं निदान या एका गोष्टीवर उभं आहे.

भोकं दिसतात, अळी सापडत नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि यात करायचं काहीच नसतं. अळी पोंग्यात गुंडाळलेलं पान आरपार खाते. ते पान आठ-दहा दिवसांनी उलगडून बाहेर येतं तेव्हा त्यावर एका ओळीत भोकं असतात. पान नवं, भोकं जुनी. अळी कधीच मेलेली असते. शेतकरी बांधावरून हिरवं-फाटकं शेत बघतो आणि पंप भरतो.

पोंग्यातली विष्ठा बोटावर घ्या. ओली, पिवळसर, लाकडाच्या ताज्या भुश्यासारखी असेल तर आत कोणीतरी खातंय. वाळून तपकिरी झाली असेल आणि फुंकरीने उडत असेल तर काम संपलेलं आहे. सर्वांत आतलं कोवळं पान तर हमखास पाहा. ते कोरं असेल तर त्या झाडाची चिंता सोडा.

मका पान गमावूनही बरंच सावरून घेतो हेही सांगायला हवं. आफ्रिकेत ही अळी नवी होती तेव्हा शेतकऱ्यांच्या अंदाजावरून निम्मं पीक गेल्याचे आकडे पुढे आले. नंतर पूर्व झिंबाब्वेतल्या शेतांत प्रत्यक्ष मोजमाप झालं, तेव्हा उत्पादनातली घट १२ टक्क्यांच्या आसपास निघाली. बारा टक्केही कमी नाहीत, दहा पोत्यांमागे एक पोतं जास्तच. पण डोळ्याला दिसतं तेवढं नुकसान पदरात पडत नाही, हे माहीत असलं की घाबरून केलेली एक फवारणी तरी वाचते.

नखापेक्षा मोठी अळी जिवंत

म्हणजे ती फवारणीच्या आधीपासून होती आणि वाचली. इथे खरोखर फवारणी फसली आहे. का फसली याची कारणं थोडीच आहेत, पण आपण त्यांकडे बघतच नाही.

पहिलं कारण पाणी. मका ६० बाय २० सेंटीमीटरवर लावला तर एकरी साधारण ३३,००० झाडं बसतात. एकरी २०० लिटर पाणी वापरलं तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला सहा मिलिलिटर येतं, जेमतेम एक चमचा. मी काय करत होतो? पाच पंप, म्हणजे ८० लिटरमध्ये एकर उरकत होतो. झाडाला अडीच मिलिलिटरही मिळत नव्हतं आणि औषधाचं प्रमाण दहा लिटरच्या हिशोबाने टाकल्यामुळे एकरी मात्राही निम्म्याच्या खाली गेली होती. दहा लिटरला ४ मिली क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी, म्हणजे २०० लिटरला ८० मिली. माझ्या ८० लिटरमध्ये ३२ मिलीच गेलं. अण्णा म्हणत होते त्यात तथ्य होतं.

दुसरं कारण नेम. मोठी अळी दिवसा पोंग्याच्या तळाशी असते आणि वर तिच्याच विष्ठेचा बूच बसलेला असतो. चालता चालता पानांवर झुलवत नेलेला फवारा तिथे पोचत नाही. पोकळ शंकूचा फवारा देणारं नोझल घ्या, ते पोंग्याच्या तोंडावर आणा, झाडागणिक क्षणभर थांबा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा अगदी सकाळी करा, कारण तेव्हा अळी वरच्या बाजूला खायला आलेली असते. या पद्धतीने एकराला वेळ दुप्पट लागतो. माझा अनुभव असा की तो वेळ दुसरी फवारणी वाचवून वसूल होतो.

तिसरं कारण उशीर. अळी सहा अवस्थांतून जाते आणि आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त शेवटच्या दोन अवस्थांत खाते. म्हणजे नुकसान आपल्या डोळ्यांत भरतं तेव्हा ती आधीच मोठी आणि चिवट झालेली असते. या वयाच्या अळीवर निंबोळी अर्क मारून उपयोग नाही. कोंडा आणि गुळाचं विषारी आमिष पोंग्यात टाकण्याची शिफारस याच वयासाठी आहे: १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ, दोन-तीन लिटर पाण्यात कालवून एक दिवस मुरवायचं आणि टाकण्याआधी औषध मिसळायचं. औषध कोणतं ते त्या वर्षीच्या शिफारशीप्रमाणे कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्या. आमच्याकडे शेळ्या आणि कोंबड्या मोकळ्या असतात, म्हणून मी आमिष वापरत नाही. अळी दहा टक्के झाडांतच असेल तर घरातली चार माणसं एका सकाळी एकर वेचून काढतात. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे एका पोंग्यात बहुधा एकच सापडते आणि वेचणं वाटतं तेवढं अवघड नसतं.

चौथं कारण, तेच औषध पुन्हा. या अळीची औषधाला सरावण्याची ताकद मोठी आहे. पोर्तो रिकोमध्ये तिने क्राय १ एफ हे विषारी प्रथिन असलेल्या जनुकबदल मक्यालाही दाद देणं सोडलं, तिथे तो मका मागे घ्यावा लागला. आपल्याकडे गोंधळ डब्यांच्या नावांचा आहे. गेल्या वेळी हे चाललं नाही म्हटल्यावर एका दुकानात मला दुसरा डबा मिळाला, किंमत जास्त, रंग वेगळा. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर आत तेच इमामेक्टीन बेंझोएट. तेव्हापासून मी व्यापारी नाव विचारतच नाही, लेबलवरचा घटक वाचतो. इमामेक्टीन बेंझोएट ५ एसजी (दहा लिटरला ४ ग्रॅम), स्पिनेटोरम ११.७ एससी (दहा लिटरला ५ मिली) आणि क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी (दहा लिटरला ४ मिली) हे तीन वेगवेगळ्या गटांतले आहेत. एका पिढीला एक, पुढच्या पिढीला दुसऱ्या गटातलं. दोन एकत्र करून एकाच वेळी नको.

आणि मका छातीच्या वर गेला असेल तर थांबा. वर तोंड करून फवारताना औषध आधी आपल्या नाकातोंडात जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही.

फक्त बारीक अळ्या, शेजारी ताजे अंडीपुंज

नखापेक्षा लहान अळ्याच दिसतात, मोठी एकही नाही. मग तुमची फवारणी चुकलेली नाही. पहिल्या अळ्या मेल्या आणि नंतर नवे पतंग येऊन अंडी घालून गेले. औषध पानावर होतं, पतंग हवेत होता.

या पतंगाच्या उडण्याची कल्पना यायला त्याचा प्रवास पाहावा लागेल. मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. उत्तर अमेरिकेत तो कडाक्याच्या थंडीत तग धरू शकत नाही. दक्षिण टेक्सास आणि दक्षिण फ्लोरिडात हिवाळा काढतो आणि दरवर्षी पिढी-पिढीने उत्तरेकडे सरकत कॅनडापर्यंत पोचतो. मिसिसिपीतून निघालेले पतंग वाऱ्यावर स्वार होऊन ३० तासांत १६०० किलोमीटर दूर कॅनडात उतरल्याची नोंद आहे. एका रात्रीत १०० किलोमीटर हे त्याचं नेहमीचं काम. रात्री काहीशे मीटर उंच चढायचं, तिथल्या वेगवान वाऱ्यात शिरायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं.

२०१६च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकेत त्याची पहिली नोंद झाली. महासागर ओलांडायला माणसाच्या वाहतुकीची मदत झाली असावी असं शास्त्रज्ञ मानतात, पण पुढे खंडभर पसरायला त्याला कोणाची गाडी लागली नाही. दोन वर्षांत सहाराच्या दक्षिणेचे जवळजवळ सगळे देश त्याने गाठले. मे २०१८मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या मक्यात अळी सापडली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली, मक्यावर आणि उसावरही. २०१९च्या जानेवारीत चीनच्या युन्नान प्रांतात, २०२०च्या सुरुवातीला टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये. शिवमोग्गा ते ऑस्ट्रेलिया, दोन वर्षांच्या आत.

हे इथे सांगायचं कारण एवढंच की असा प्राणी तुमच्या आणि शेजाऱ्याच्या शेतामधला बांध मोजत नाही. शेत “स्वच्छ” झालं हे फार तर आठवडाभर खरं असतं. मादी एका वेळी १०० ते २०० अंडी घालते, आयुष्यात दीड हजारांपर्यंत. पतंग दहा-बारा दिवस जगतो आणि निम्म्याहून जास्त अंडी पहिल्या चार-पाच दिवसांत घालून मोकळा होतो. मग उपाय काय?

अंडीपुंज. माझ्या शेतात सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर आईने. खुरपणी करताना ती पानाची खालची बाजू उलटून बघते. अंडीपुंज दिसायला बुरशीच्या करड्या डागासारखा असतो, मादीने अंगावरचे केस त्यावर पसरलेले असतात. हात लावला तर सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखा मऊ लागतो. आई अंगठा ठेवते, पान दुसऱ्या बाजूने धरते आणि चिरडते. बोटाला ओलसर पिवळट लागतं, ती ते पदराला न पुसता मातीला पुसते. दोन सेकंदांचं काम आहे आणि त्यात दीडशे अळ्या जातात. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्यातून दोनदा फिरावं लागतं. पेरणीनंतरचे पहिले चार आठवडे हे केलं तर पहिल्या फवारणीची गरजच कमी होते.

अंडी फुटली असतील तर अळ्या रेशमासारख्या धाग्याला लोंबकळून वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात. पानावर तेव्हा पांढरे, कागदासारखे पारदर्शक ओरखडे दिसतात. निंबोळी अर्काची वेळ हीच. ५ किलो निंबोळीचा गर कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घाला आणि १०० लिटर करा. पाच टक्के झाडांवर ओरखडे दिसले की हे मारायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात झड लागलेली असेल, हवा दमट असेल तर नोमुरिया रिलेई ही बुरशी वापरा, पोंग्यात जाईल अशी. या काळात शेतात आधीपासूनही ती असते. पोंग्यात आधी पांढरी, मग फिकट हिरवी भुकटी अंगावर आलेली, काडीसारखी ताठ अळी दिसली तर ती बुरशीने मेलेली आहे. अशा अळ्या शेतात दिसू लागल्या की रासायनिक फवारणी थांबवा. तुमचं काम दुसरं कोणी तरी करतंय.

पुढच्या हंगामासाठी बीजप्रक्रियाही लक्षात ठेवा. सायंट्रानिलीप्रोल १९.८ अधिक थायामेथोक्झाम १९.८ एफएस, किलोला ६ मिली. उगवल्यानंतरचे साधारण पंधरा ते वीस दिवस रोप सांभाळलं जातं. नेमकं तेव्हाच ते सगळ्यात नाजूक असतं.

सगळ्या वयाच्या अळ्या एकाच वेळी

एका पोंग्यात दोन मिलिमीटरची, शेजारी नखाएवढी, पुढच्या झाडात करंगळीएवढी. प्रत्येक तपासणीत असंच. हे पाहिलं की समजा की तुमच्या शेताजवळ, अगदी जवळ, पतंगांचा कायमचा कारखाना आहे.

माझा कारखाना विहिरीजवळ होता. अण्णांच्या दोन गायी आणि एक म्हैस. त्यांच्यासाठी दहा गुंठ्यांत चाऱ्याचा मका, तोही टप्प्याटप्प्याने, दर पंधरा दिवसांनी चार ओळी, म्हणजे बारा महिने कोवळा चारा. त्यात फवारणी नाही, आणि ते बरोबरच आहे. चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक औषध मारायचं नसतं, ते जनावराच्या पोटात आणि दुधात जाऊ शकतं. पण त्याचा अर्थ असा झाला की अळीला दर पंधरा दिवसांनी नवं, कोवळं, निर्धोक घर मिळत होतं. मी चार एकरांत लढत होतो आणि दहा गुंठ्यांतून पतंग उडून येत होते. हे मला तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात कळलं. खरिपाचा मका निघून दीड महिना झाला होता. विहिरीवर मोटर चालू करायला गेलो आणि सहज एका रोपाचा पोंगा उकलला. आत चौकोनी ठिपक्यांची जाडजूड अळी होती. पुढच्या ओळीत बारीक होत्या. त्यापुढे अंडीपुंज.

इथे या किडीचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. आपल्या बऱ्याच किडी वर्षातला एखादा काळ सुप्तावस्थेत, झोपून काढतात. ही झोपत नाही. हिरवं खायला असेल तोवर पिढीमागून पिढी चालू. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत महिनाभर पुरतो, थंडीत कोषाचे दिवस वीस-तीसपर्यंत लांबतात एवढंच. अमेरिकेत हिवाळा तिची साखळी तोडतो. आपल्याकडे तोडणारा कडाका नाही. खरीप मका, मग रब्बी मका आणि ज्वारी, मग उन्हाळी चाऱ्याचा मका, पुन्हा खरीप, असा एक हिरवा पूल आपणच बांधून देतो. पाहुणी म्हणून आलेली अळी त्यावरून घरची झाली आहे.

अण्णांशी बोलणं सोपं नव्हतं. गाय उपाशी ठेवा असं मी म्हणू शकत नव्हतो. पण आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आणि त्या दोन वर्षं पाळल्या. एक, मे महिन्यात आणि जूनच्या पेरणीपर्यंत विहिरीजवळ मका नाही. त्या काळासाठी फेब्रुवारीतल्या एका मोठ्या कापणीचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, पिशव्यांत भरून ठेवायचा. दोन, वर्षाच्या बाकी दिवसांत टप्प्याटप्प्याऐवजी एकदम पेरून एकदम कापायचं. अळी मोठी होऊन मातीत कोषात जाण्याआधी तिचं घर विळ्याने जायला हवं. मधल्या दिवसांत हिरव्या चाऱ्याला बांधावरचं नेपियर आणि लसूणघास. तीन, कोवळ्या चाऱ्यावर फक्त निंबोळी अर्क. पहिल्या उन्हाळ्यात अण्णांनी मुरघासाची पिशवी फोडली तेव्हा म्हैस आधी तोंड फिरवून उभी राहिली. तिसऱ्या दिवसापासून खायला लागली.

त्यानंतरच्या खरिपात मी दोनच फवारण्या केल्या. नशिबाचाही भाग असेल, पाऊस चांगला होता. पण पोंग्यातली वयांची सरमिसळ थांबली, हे मी वहीवरून सांगू शकतो. अळ्या साधारण एकाच मापाच्या दिसू लागल्या, त्यामुळे कधी फवारायचं ते कळू लागलं.

तुमच्याकडे विहिरीजवळचा चारा नसेल तर हे शोधा: उशिरा पेरलेला शेजाऱ्याचा तुकडा, गोड मक्याचा प्लॉट, सोंगणीत पडलेल्या कणसांतून आपोआप उगवलेली रोपं, ज्वारीचा कोवळा कडवळ. गावात पेरणी दहा-बारा दिवसांच्या आत आटोपली तर पतंगांना एका शेतातून उठून दुसऱ्या कोवळ्या शेतात बसण्याची सोय राहत नाही. हे एकट्याच्या हातात नाही हे खरं. आम्ही आमच्या नाल्याच्या अलीकडच्या सहा घरांनी एवढंच ठरवलं की पाऊस पडल्यावर पहिल्या वाफशाला सगळ्यांनी पेरायचं. पाच जणांनी पाळलं.

सापळे असूनही कळत नाही

कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, म्हणून त्यात फक्त नर पतंग येतात. सापळे लावले म्हणजे अळी कमी होईल ही अपेक्षा सोडा. ते घड्याळ आहे, औषध नाही. एकरी पाच लावा, पीक वाढेल तशी उंची पोंग्याच्या थोडी वर ठेवा आणि रोज सकाळी मोजून लिहा. आकडा एकदम चढला की तीन-चार दिवसांत अंडीपुंज शोधायला लागा.

रिकामा सापळा दिसला तर आधी आतली गोळी, म्हणजे ल्यूर, तपासा. मला एका वर्षी मक्यासाठी म्हणून कपाशीच्या बोंडअळीचे ल्यूर मिळाले होते. महिनाभर सापळे रिकामे आणि मी निश्चिंत. पाकिटावर स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा असं लिहिलेलंच घ्या. स्पोडोप्टेरा लिट्युरा ही तंबाखूची पानं खाणारी अळी, तिचा ल्यूर वेगळा. योग्य ल्यूरलाही कधी दुसरे करडे पतंग येतात, म्हणून सापडलेला पतंग पाहा: नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट त्रिकोणी डाग असतो. ल्यूर साधारण महिन्याने बदला.

तुरा आल्यानंतर

पोंगा असतानाच्या काळात १० टक्के झाडांत, आणि पोंगा जुना झाल्यावर २० टक्के झाडांत जिवंत अळी असेल तर औषधाचा विचार करा. एकदा तुरा बाहेर पडला की फवारणी नको. पोंगा संपलेला असतो, अळी कणसाच्या मिशांतून आत जाते आणि तिथे फवारा पोचत नाही. दिसेल तेवढी वेचा. ज्या वाणाचं कणीस टोकापर्यंत घट्ट झाकलेलं असतं त्यात ती कमी शिरते, पुढच्या वर्षीचं बियाणं निवडताना हे विचारा.

सोंगणीनंतर, ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं

शेवटची पिढी तुमच्याच मातीत असते. अळी पूर्ण वाढली की झाडावरून उतरते आणि जमिनीत दोन ते आठ सेंटीमीटर खोल कोष करते. बोटाच्या एका-दोन पेरांएवढं खोल, फार नाही. धसकटं तशीच ठेवून वर हरभरा टाकला की ते कोष सुखाने पतंग होऊन उठतात आणि अण्णांसारख्या कोणाच्या तरी चाऱ्यावर जाऊन बसतात.

सोंगणी झाली की आठवड्याच्या आत नांगरट करा, उन्हात. मागच्या वर्षी ट्रॅक्टर लागला तेव्हा दोन फेऱ्यांत बगळे आले, मागून साळुंक्या. अण्णा नांगराच्या तासात बसले, एक हातभर लांबीची माती चाळली आणि तळहातावर तपकिरी, चकचकीत, खारकेच्या बीपेक्षाही लहान असे सात कोष ठेवले. एक बोटाने दाबला तर शेपटीचं टोक हललं. “हे सगळे जिवंत आहेत रे,” म्हणाले. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला आडवी पाळी पण घालायला सांगितली, आणि तिचे पैसे स्वतः दिले.